हातोडी कुणाच्या हातात?

आमच्या सोसायटीच्या कपाटात एकाच इमारतीचे दोन अहवाल आहेत. दोन्ही स्पायरल बाइंडिंगचे, दोन्हींत रंगीत फोटो, दोन्हींच्या शेवटच्या पानावर गोल शिक्का आणि त्याखाली महापालिकेचा नोंदणी क्रमांक. पहिला सांगतो, इमारत ‘सी-२-बी’ आहे, म्हणजे मोठी दुरुस्ती हवी, पण माणसं घरात राहूनही ती करता येईल. दुसरा सांगतो ‘सी-१’, म्हणजे ताबडतोब रिकामी करा आणि पाडा. दोन्हींत अंतर अवघ्या चार महिन्यांचं. मधल्या काळात भूकंप झाला नव्हता, कुणी भिंत पाडली नव्हती, पावसाळासुद्धा अजून यायचा होता.

इमारत मुलुंडची, तळ अधिक चार मजले, १९८६ साली ताबा मिळालेली. पहिला अहवाल कमिटीनं करून घेतला. कमिटीला खर्च नको होता. दुसरा करून घेणाऱ्यांना पुनर्विकास हवा होता. विशेष सर्वसाधारण सभेत दोन तास हमरीतुमरी झाल्यावर तळमजल्यावरच्या आजी उठल्या आणि त्यांनी विचारलं, “दोघंही परवानावालेच ना? मग यातला नापास कोण?”

सभेत हशा पिकला. मला मात्र तो प्रश्न रात्री झोप येईपर्यंत सोडेना. इमारत धोक्याची आहे की नाही हे सांगणाऱ्या माणसाकडे जो परवाना असतो, तो त्याला कोण देतं, कशाच्या बळावर देतं आणि चुकलं तर काढून कोण घेतं?

आधी कायदा. मुंबई महानगरपालिका अधिनियम मूळचा १८८८ सालचा. त्यात एकविसाव्या शतकात कलम ३५३-ब घालण्यात आलं. तीस वर्षं उलटलेल्या प्रत्येक इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यायची आणि त्याचं संरचनात्मक स्थिरतेचं प्रमाणपत्र पालिकेला सादर करायचं, असं ते बजावतं. तीस वर्षं मोजायची ती पूर्णत्वाच्या दाखल्यापासून, वापर परवान्यापासून किंवा निदान निम्मी इमारत प्रत्यक्ष वापरात आल्यापासून. यांतलं जे आधीचं तिथून. ठाणे, पुणे, नाशिकसारख्या शहरांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात हेच कलम २६५-अ मध्ये आहे. तिथे टाळाटाळ केली तर २५ हजार रुपये किंवा वर्षाच्या मालमत्ता कराइतकी रक्कम, यांत जे जास्त असेल तेवढा दंड. सोसायट्यांचे आदर्श उपविधी तर आणखी पुढे जातात. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा परीक्षण करा, असं ते सांगतात. हे किती सोसायट्या पाळतात, ते वाचकांनी आपापल्या सेक्रेटरींना विचारावं.

या साऱ्या तरतुदींचा भार एकाच शब्दावर आहे: नोंदणीकृत. आणि हा शब्द आपण समजतो तेवढा भारदस्त नाही.

मुंबई सोडून बाकी राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० सालची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्या परिशिष्टात संरचना अभियंत्याची पात्रता दिलेली आहे. स्थापत्यशास्त्राची पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव, हे तिचं सार. पदव्युत्तर शिक्षण असेल तर अनुभवाची अट सैल होते. लेखी परीक्षा नाही, प्रात्यक्षिक नाही. कागद जुळले, शुल्क भरलं की नाव यादीत. मागितलेला अनुभव आहे तो मुख्यतः संकल्पनेचा, म्हणजे डिझाइनचा. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. नवी इमारत उभी करणं आणि जुन्या इमारतीचं दुखणं ओळखणं या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिलीत सळई कुठे घालायची ते तुम्ही ठरवता. दुसरीत ती कुठे घातली होती ते शोधायचं असतं, तेही मूळ नकाशे बिल्डरच्या ऑफिसबरोबर कधीच बेपत्ता झालेले असताना.

काँक्रीट आतून कसं आजारी पडतं ते थोडं सांगतो, नाहीतर दोन अहवालांचं कोडं सुटणार नाही. ताजं काँक्रीट कमालीचं अल्कधर्मी असतं. त्याचा सामू १२ ते १३च्या घरात असतो आणि त्या वातावरणात सळईवर एक अदृश्य संरक्षक थर धरून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि हा अल्कधर्म मारत जातो. समुद्राजवळच्या शहरात खाऱ्या हवेतले क्षार तेच काम वेगळ्या वाटेनं करतात, आणि बांधताना खारं पाणी वापरलं गेलं असेल तर चोर घरातच असतो. संरक्षण गेलं की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते. ती न मिळाल्यानं तो काँक्रीटला आतून ढकलतो, आधी केसासारखी चीर पडते, मग फुगवटा येतो आणि एक दिवस स्लॅबचा पोपडा जेवणाच्या ताटाशेजारी येऊन पडतो. आपण तिथे प्लास्टर मारून वर रंग देतो. दिवाळी साजरी होते. आत काम चालूच राहतं.

हे आतलं काम बाहेरून पाहायला काही उपकरणं आहेत. सगळ्यांत प्रसिद्ध आहे ती ‘रिबाउंड हॅमर’, म्हणजे स्प्रिंगवर चालणारी हातोडी. अर्न्स्ट श्मिट नावाच्या स्विस अभियंत्यानं ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस बनवली. काँक्रीटवर दाबली की आतला दांडा आपटून मागे उसळतो. उसळी जितकी जास्त तितका पृष्ठभाग टणक. वापरायला सोपी, दिसायला शास्त्रीय, फोटोत छान येते. पण आपलंच भारतीय मानक बजावून सांगतं की या हातोडीवरून काँक्रीटच्या ताकदीचा जो अंदाज बांधला जातो, तो २५ टक्के इकडेतिकडे असू शकतो. हातोडीला फक्त कातडी कळते. शिवाय कार्बन मुरून म्हातारं झालेलं काँक्रीट वरून उलट टणक होतं, त्यामुळे आजारी कॉलम हातोडीला धट्टाकट्टा वाटू शकतो.

दुसरी चाचणी ध्वनिलहरींची. कॉलमच्या एका बाजूनं लहर सोडायची आणि दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचते ते मोजायचं. १९९२च्या मानकातली प्रतवारी अशी: सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग असेल तर काँक्रीट उत्तम, साडेतीन ते साडेचार असेल तर चांगलं, तीन ते साडेतीन म्हणजे मध्यम आणि तीनच्या खाली संशयास्पद. आत पोकळी किंवा भेग असली की लहरीला वळसा घालावा लागतो आणि वेग पडतो. तिसरी चाचणी सळईच्या विद्युतविभवाची. तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत मापन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. चौथी मला सगळ्यांत आवडते, कारण तिला आपण शाळेच्या प्रयोगशाळेपासून ओळखतो. काँक्रीटचा ताजा तुटलेला भाग घ्यायचा आणि त्यावर फिनॉलफ्थॅलिन शिंपडायचं. जिथे गुलाबी झालं तिथे अल्कधर्म शिल्लक आहे. जिथे रंगच आला नाही तिथपर्यंत कार्बन पोचला. सळई गुलाबीत आहे की बिनरंगाच्या पट्ट्यात, एवढं पाहिलं की पुढची दहा वर्षं डोळ्यांसमोर येतात. शेवटची म्हणजे सरळ गाभा कापून काढायचा आणि प्रयोगशाळेत दाबून फोडायचा. तीन गाभ्यांची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के तरी भरली पाहिजे आणि एकही ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये.

आणि या सगळ्यांच्या आधीची, कुठल्याही यंत्राविना होणारी तपासणी म्हणजे साध्या हातोडीनं ठोकत जाणं. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. आवाज खणखणीत आला तर पुढे. बद्द आला तर थांबा, प्लास्टर काढा, आत बघा.

चाचणी कुठली हे मानक सांगतं. कॉलम कोणता, हे माणूस ठरवतो. आमच्या पहिल्या अभियंत्याचा दर आलेल्या तीन कोटेशनांत सगळ्यांत कमी होता. तो एका रविवारी दोन पोरांना घेऊन आला. गच्चीची किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन गावी गेला होता. त्यामुळे तपासणी जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या कॉलमांची झाली. ते कॉलम पावसापासून आडोशाला असलेले, त्यातल्या त्यात बरे. दुसरा अभियंता थेट गच्चीत गेला आणि मग चौथ्या मजल्यावरच्या गळक्या बाथरूमांच्या बाहेरच्या बाजूला. तिथले बीम इमारतीतले सगळ्यांत वाईट. एकानं पैलवानाची छाती मोजली, दुसऱ्यानं त्याचा मोडका गुडघा. आकडे दोघांचेही खरे असणार. म्हणजे आजींच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की परवान्याच्या परीक्षेत नापास कोणीच नव्हतं, कारण अशी परीक्षाच नव्हती.

याचं मूळ थोडं खोल आहे. वकिलांसाठी १९६१चा कायदा आहे, सनदी लेखापालांसाठी १९४९चा, वास्तुविशारदांसाठी १९७२चा. डॉक्टरांचं तर विचारूच नका. या प्रत्येक कायद्यानं एक परिषद दिली. ती नाव नोंदवते, तक्रार ऐकते आणि वेळ आली तर सनद काढून घेते. अभियंत्यांसाठी देशभर लागू असा कायदा नाही. मसुदे झाले, चर्चा झाल्या, गाडी तिथेच. कोलकात्याची ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही १९२० साली स्थापन झालेली संस्था ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी देते. ती मानाची आहे, पण घेणं न घेणं ऐच्छिक. घराचा दर्शनी भाग रेखाटणाऱ्याला परिषदेपुढे उभं करता येतं आणि ते घर पडणार नाही असं लिहून देणाऱ्याला येत नाही, ही विसंगती पन्नास वर्षांत कुणाला फारशी टोचलेली दिसत नाही.

मग प्रमाणपत्राची उलटतपासणी होते तरी कुठे? बऱ्याचदा पोलीस ठाण्यात. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस गेल्या. त्या पुलाची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. यानंतर मुंबईतल्या पुलांची तपासणी झाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचा हिमालय पादचारी पूलही तपासला गेला आणि ‘किरकोळ दुरुस्ती पुरे’ अशा वर्गात बसला. १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी, लोक घरी जाण्याच्या घाईत असताना, त्याचा स्लॅब रस्त्यावर कोसळला. सात जणांचा जीव गेला. परीक्षण करणाऱ्याला अटक झाली, पाठोपाठ पालिकेच्या काही अभियंत्यांनाही. हा पूल होता, इमारत नव्हती. पण तपासणारा, त्याचं पत्र आणि ते पत्र फाइलला लावणारा कारकून हा सगळा कारभार इमारतींचाच होता.

इंग्लंडला हा धडा लंडनच्या ग्रेनफेल टॉवरनं दिला. २४ मजल्यांची ही निवासी इमारत १४ जून २०१७च्या पहाटे पेटली आणि ७२ माणसं गेली. आग एका स्वयंपाकघरात लागली आणि इमारतीला नुकतंच बाहेरून चढवलेल्या आवरणातून वर धावली. त्या आवरणात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेलं होतं. या नूतनीकरणाला स्थानिक कौन्सिलच्या इमारत नियंत्रण विभागानं जुलै २०१६ मध्ये पूर्णत्वाचा दाखला दिला होता. चौकशीत पुढे आलं की तो पाहणारा निरीक्षक अनेक वर्षांचा अनुभवी होता आणि एका वेळी शंभराहून जास्त कामं त्याच्या डोक्यावर होती. त्याच्यावर राग काढणं सोपं आहे. शंभर कामांमध्ये एक दाखला किती मिनिटांत सही होत असेल, याचा हिशेब करणं अवघड आहे.

पुढे इंग्लंडनं जे केलं ते आपल्या विषयाच्या थेट गाभ्याचं आहे. २०२२च्या इमारत सुरक्षा कायद्यानं ‘इमारत निरीक्षक’ हा व्यवसायच नियमनाखाली आणला. एप्रिल २०२४पासून, नाव नोंदवल्याशिवाय या पदनामानं काम करणं बेकायदा ठरलं. नोंदणीला चार वर्ग आहेत. पहिला वर्ग शिकाऊंचा, त्यांनी देखरेखीखालीच काम करायचं. दुसरा निरीक्षकांचा, आणि त्यातही घरं तपासणारा वेगळा, उंच इमारती तपासणारा वेगळा. त्यावर विशेषज्ञ आणि मग तांत्रिक व्यवस्थापक. दुसऱ्या वर्गापासून पुढे जायचं तर स्वतंत्र संस्थेकडून क्षमतेचं मूल्यमापन करून घ्यायचं, आणि नोंदणी चार वर्षांनी पुन्हा. तीस वर्षं नोकरी झालेल्यांनाही यातून सूट मिळाली नाही. साहजिकच कुरकुर झाली. पन्नाशी-साठीतल्या माणसांना पुन्हा परीक्षार्थी व्हावं लागलं, सगळ्यांची मूल्यमापनं वेळेत होईनात म्हणून काहींना मुदतही वाढवून द्यावी लागली. अनुभवी लोक कंटाळून बाहेर पडतील ही भीती तिथे उघडपणे बोलली गेली आणि ती खोटी नव्हती.

मला ही कुरकुर समजते, आणि तरीही नियम पटतो. अनुभव म्हणजे तीस वर्षांचं शिक्षण की एकाच वर्षाचं तीस वेळा गिरवणं, हे बाहेरून ओळखायला परीक्षेपेक्षा बरं साधन अजून सापडलेलं नाही. त्या चार वर्गांमधली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती मर्यादा: तुला हे तपासता येतं आणि हे येत नाही, असं कागदावर लिहून देणं. आपल्याकडचा शिक्का बंगल्यालाही चालतो, चाळीलाही आणि वीस मजली टॉवरलाही.

याच कायद्यानं आणखी एक गाठ कापली. पूर्वी बांधकाम करणारा आपला तपासनीस स्वतः निवडू शकत असे. कौन्सिलचा घ्या किंवा खासगी घ्या. आता १८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींना ही मुभा नाही. तिथे तपासणी फक्त नियामकाकडे. परीक्षेचे गुण पालकांनी शिक्षक निवडून मिळवायचे, हा प्रकार निदान उंच इमारतींपुरता संपला.

आमच्या मुलुंडच्या दोन अहवालांचं खरं दुखणं हेच होतं, हे मला इंग्लंडचं वाचताना लख्ख दिसलं. दोघांचंही बिल सोसायटीतल्याच कुठल्या तरी गटानं दिलं होतं. ज्याला खर्च टाळायचा त्याला ‘सी-३’, म्हणजे किरकोळ दुरुस्ती, गोड लागते. ज्याला जागा मोकळी हवी त्याला ‘सी-१’. भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतीत तर ‘सी-१’ म्हणजे राहणाऱ्यांना बाहेर काढण्याचा राजमार्ग होऊ शकतो, आणि असे वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत अनेकदा गेले आहेत. न्यायालयानं २०१४ साली याची चौकट आखून दिली. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. समिती असणं चांगलंच. पण ती लागते यातच पहिल्या दोन शिक्क्यांची किंमत कळते.

खासगी अभियंत्याऐवजी सरकारी माणूस तपासेल तर प्रश्न मिटेल, असं वाटणाऱ्यांनी डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत आठवावी. ती पालिकेचीच होती, राहणारी कुटुंबंही पालिकेच्या कर्मचाऱ्यांची. तिशी नुकती ओलांडलेली ही इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी पहाटे कोसळली आणि ६१ माणसं मेली. मालक, राहणाऱ्यांचा साहेब आणि तपासनीस, तिघेही एकच होते.

अमेरिकेतली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती ऐकताना प्रत्येक सोसायटी सदस्याला आपलीच सभा आठवेल. फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावी समुद्रकाठी चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १२ मजली, १३६ घरांची इमारत होती, १९८१ सालची. तिथल्या मायामी-डेड काउंटीत चाळीस वर्षांनी फेरप्रमाणपत्र घ्यावं लागे. त्याच्या तयारीसाठी २०१८ साली नेमलेल्या अभियंत्यानं लिहून दिलं की तरणतलावाभोवतीच्या स्लॅबमध्ये पाणी मुरून मोठं नुकसान झालंय. काही आठवड्यांनी गावाच्या इमारत अधिकाऱ्यानं रहिवाशांच्या सभेत सांगितलं की इमारतीची तब्येत उत्तम आहे. लोकांना साहजिकच दुसरं मत आवडलं. मग वर्गणीवरून भांडणं, कमिटीचे राजीनामे, वाढत वाढत दीड कोटी डॉलरवर गेलेला दुरुस्तीचा खर्च. २४ जून २०२१च्या मध्यरात्रीनंतर इमारतीचा मोठा भाग कोसळला, ९८ मृत्यू. पुढच्या वर्षी फ्लोरिडानं राज्यभर तपासणीची वेळ तीस वर्षांवर आणली, म्हणजे आपल्या कलम ३५३-ब च्या आकड्यावर, आणि त्यानंतर दर दहा वर्षांनी.

तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या तलावाकाठच्या स्लॅबची मूळ संकल्पनाच तेव्हाच्या नियमांपेक्षा कमी ताकदीची होती, असं अमेरिकी तपाससंस्थेचे प्राथमिक निष्कर्ष सांगतात. हातोडीनं किंवा ध्वनिलहरींनी हे कळणं शक्य नाही. त्यासाठी जुने नकाशे काढून गणित पुन्हा मांडावं लागतं. म्हणून सोसायटीच्या कपाटात मूळ आरसीसी नकाशे आहेत का, हा प्रश्न कुठल्याही यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा आहे. आमच्याकडे ते नव्हते. पालिकेच्या जुन्या फाइलमधून चार पानं मिळाली, त्यातलं एक फाटकं.

आमचं प्रकरण शेवटी तांत्रिक समितीपुढे गेलं. दोन्ही अभियंत्यांना बोलावणं आलं आणि त्यांना विचारलेले प्रश्न अगदी साधे होते, असं आमच्या सेक्रेटरींनी येऊन सांगितलं. किती कॉलम तपासले? कुठल्या मजल्यावरचे? गाभे किती काढले? प्लास्टर कुठे कुठे खोललं? नोंदणी क्रमांक कुणी विचारला नाही. इमारत ‘सी-२-बी’ ठरली. पहिला अहवाल बरोबर निघाला. माझ्या मते कर्तबगारीपेक्षा नशिबानं.

दुरुस्तीसाठी आलेली संरचना अभियंता तिशीतली मुलगी होती. तिनं पहिल्याच दिवशी वीजमीटरच्या लाकडी फळ्या उतरवायला लावल्या. कमिटीतले एक काका म्हणाले, “मॅडम, त्याच्यामागे काही नाही, पूर्वी दोघांनी पाहिलंय.” ती म्हणाली, “काका, फळीवर रंगाचे तीन थर आहेत. ही कुणी काढलेली नाही.” मागचा कॉलम हातभर उंचीपर्यंत फुटलेला होता, सळया उघड्या, एक तर करंगळीएवढी बारीक झालेली. तळमजल्यावरच्या आजींनी तिला चहा दिला आणि विचारलं, “बाळा, तू कुठल्या परीक्षेत पास झालीस?” ती हसली. कॉलमला लोखंडी टेकू त्याच संध्याकाळी लागले.

तुमच्या सोसायटीत परीक्षण व्हायचं असेल तर कोटेशनबरोबर एवढं लिहून मागा: किती ठिकाणी ठोकणार, किती ठिकाणी प्लास्टर खोलणार, गाभे किती आणि कुठून, प्रत्यक्ष कोण येणार, याआधी तिशी ओलांडलेल्या किती इमारती त्याच माणसानं पाहिल्यात, आणि अहवालात प्रत्येक चाचणीची जागा नकाशावर दाखवणार का. सगळ्यांत कमी दराचं पाकीट उघडण्याआधी हा कागद वाचा. आणि गच्चीची किल्ली आदल्या दिवशीच काढून ठेवा.